डोक्यावरची रेघ

दि. 4 जानेवारी 2026, रविवार

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीला चिऊ म्हणू नये, असं तू दिवाळीत बजावून गेली होतीस. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय. आत काय म्हणायचं ते माझं मी ठरवते.

परवा फोनवर संत्राबागेतल्या बायकांच्या शब्दांवरच्या तुझ्या लिखाणाचं निघालं, तेव्हा तू म्हणालीस, "आई, मला आता लिहिताच येत नाही. सकाळपासून लॅपटॉपसमोर बसते, दुपारपर्यंत चार ओळी होतात, आणि संध्याकाळी त्यातल्या तीन मीच काढून टाकते. दहावीत मी अर्ध्या तासात दोन पानं भरायची." मी तेव्हा "जेवून घे, होते सारं" एवढंच म्हटलं. गॅसवर दूध होतं आणि आजी हाका मारत होती. फोन ठेवल्यावर मात्र तुझं बोलणं डोक्यातून जाईना. परत फोन लावला असता, पण दोन मिनिटं झाली की तू "बरं बरं" म्हणायला लागतेस. म्हणून आज सुटीचं कागद घेऊन बसले.

त्यात गंमत अशी की, त्याच्या आदल्याच दिवशी तुझ्या बाबांनी लोखंडी पेटी उपसली होती. आबाजींच्या नावच्या वावराचा जुना फेरफार पाहिजे होता. फेरफार काही निघाला नाही (अजूनही निघालेला नाही, बाबा दोन दिवस फुरंगटून आहेत), निघाल्या त्या तुझ्या वह्या. तुझा फोन आल्यावर मी त्या सगळ्या काढून खाटेवर मांडल्या, वर्षावार. अंगणवाडीतली बाई आहे मी, रजिस्टर लावायची सवय जात नाही. आणि मांडून पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की, "मला लिहिता येत नाही" हे तू मला पहिल्यांदा सांगत नाहीयेस. हे चौथ्यांदा होतंय. पहिल्या तिन्ही वेळा मी इथंच होते, आणि आता पुरावाही हाताशी आहे.

पाटीच्या दिवसांचा पुरावा अर्थातच नाही. पण मला आठवतं, तू आधी सगळी अक्षरं बिनरेघेची काढायचीस आणि शेवटी पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायचीस. दोन शब्दांमधली जागासुद्धा त्याच रेघेखाली. आबाजी म्हणायचे, "पोट्टीनं दोरीवर कपडे वाळू घातले." शब्द तोडून लिही म्हटलं की तुला राग यायचा. बोलताना आपण थोडंच तोडतो, असं तुझं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं.

चौथीच्या वहीत ही सवय अजून दिसते. 2012 साल. 'मी पाहिलेले ठिकाण' असा विषय आहे आणि तू शेंदूरजना घाटची रोपवाटिका लिहिली आहेस, बाबा कलमा आणायला गेले तेव्हा तू मागं लागून गेली होतीस ती. तू लिहिलंस, "मी बाबासंग शेंदूरजन्याले गेली. तिथं जंबेरीच्या झाडाले संत्र्याचे डोळे बांधत होते. मले वाटलं झाडाले दिसत नाई म्हनून डोळे बसवून देत हायेत." कलमाचा डोळा तुला खरा डोळा वाटला. पानभर असंच आहे. आणि त्यावर लाल शाई. बाबासंग खोडून बाबांसोबत, गेली खोडून गेले, मले खोडून मला. मी मोजल्या, एका पानात एकोणीस खुणा. झाडाला डोळे बसवून देतात या वाक्यातलं व्याकरण गुरुजींनी सगळं नीट केलं, पण ते वाक्य वाचून ते हसले की नाही, ते कुठंच कळत नाही.

गुरुजी चुकले असं मी म्हणणार नाही. पुढं पेपर ज्या भाषेत लिहायचा ती त्यांना शिकवायचीच होती, आणि त्यांनी ती शिकवली म्हणून तू आज नागपूरला आहेस. मी स्वतः बोलताना "मी गेली" म्हणते आणि लिहिताना "मी गेले" लिहिते. या पत्रातही बघ, हात आपोआप तिकडं वळतो. पण त्या पानानंतरची पानं मी उलटून पाहिली. 'माझी शाळा. माझी शाळा छान आहे. मला माझी शाळा आवडते.' संपलं. पुढचा विषय, 'माझा मित्र'. तिथंही तीन ओळी. दिवाळीपासून होळीपर्यंत तीन-तीन ओळी, आणि एकाही ओळीत चूक नाही. त्या वेळी एकदा चुलीपाशी बसून तू म्हणाली होतीस, "मले लिवताच येत नाई." तेव्हा मी तुला रागावले होते, अभ्यास टाळतेस म्हणून. आता वही पाहून कळतं की तू टाळत नव्हतीस, ज्या शब्दांची तुला खात्री तेवढेच वापरत होतीस.

ते कसं सुटलं ते तुला आठवत नसेल. तू आधी बोलायला लागलीस. निंबाखाली शेळी बांधलेली असायची, तिच्यासमोर बसून आपल्या भाषेत सगळं सांगायचीस, आणि मग तेच वहीत शाळेच्या भाषेत उतरवायचीस. शेजारणी मला विचारायच्या, पोरगी एकटी काय बडबडते. मला वाटायचं खेळतेय. चौथीच्या वहीच्या शेवटी मुंग्यांवर दीड पान आहे, लाल खुणा फक्त दोन. मुंग्या आधी शेळीनं ऐकल्या असणार.

पाचवी ते सातवीच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या. त्या काळाबद्दल माझं काही मत नाही.

आठवीला तू एस.टी.नं मोर्शीला जायला लागलीस. तिथं दुसरंच झालं. सहामाहीत तुझ्या निबंधाचं नुसतं शीर्षक होतं, खाली पान कोरं. घरी येऊन रडलीस. "सगळ्यांचे निबंध गाईडातले, माझाच घरचा." म्हणजे या वेळी भाषेची अडचण नव्हती. आपण लिहितो तो निबंधच नव्हे, असं तुला वाटायला लागलं होतं. बाजाराच्या दिवशी बाबांनी गाईड आणून दिलं, आणि दहावी होईपर्यंत ते तुझ्या उशाशी होतं. 'आजच्या विज्ञानयुगात मानवाने गगनाला गवसणी घातली आहे.' तुझ्या रफ वहीत हे वाक्य मला सहा ठिकाणी सापडलं, त्यातलं एकदा तर 'आमची सहल' मध्ये. सहल सालबर्डीला गेली होती. तिथं गगनाला कोणी गवसणी घातली होती ते तूच सांग.

बाबा त्या वाक्यांना पानसोट म्हणायचे, आठवतं? संत्र्याच्या खोडातून सरळ वर जाणारा तो हिरवागार, लांब काट्यांचा फुटवा. सगळ्या झाडात तोच जास्त टवटवीत दिसतो, रस सगळा खातो आणि फळ एक देत नाही. तू गाईडचं मोठ्यानं पाठ करायला लागलीस की बाबा अंगणातून ओरडायचे, "पानसोट काढा!" तू चिडायचीस. मीही त्यांना हसायची.

पण एवढ्या वर्षांनी तुझी रफ वही वाचताना मला गाईडचा तेवढा राग आला नाही. चौथीच्या वहीत परिच्छेद नावाची वस्तूच नाही. मुंग्या, पाऊस, आजीचं गुडघेदुखणं सगळं एका दमात. दहावीच्या वहीत तू आधी चार शब्द टाकतेस, त्यांना एक, दोन, तीन, चार आकडे देतेस, मग लिहितेस. कोणतं आधी, कोणतं मागून, हे तुला कळायला लागलंय. एका ठिकाणी तीनचा आकडा खोडून एक केलाय. 'पाण्याचे महत्त्व' मध्ये विहीर आधी घेतलीस आणि विज्ञानयुग मागं टाकलंस. ही अक्कल त्या टवटवीत वाक्यांबरोबरच आली. वेगळी येऊ शकली असती का, ते मला सांगता येत नाही.

आणि रेघ गेली. दहावीच्या वहीत एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नाही. तुम्हाला कोणीतरी सांगितलं होतं की रेघ न ओढता लिहिलं तर पेपरात वेळ वाचतो. तू अर्ध्या तासात दोन पानं लिहायचीस असं म्हणतेस ना, ती ही पानं. उघड्या डोक्याची. आतली वाक्यं आधीपासून तयार होती, तू फक्त उतरवत होतीस. त्या वेगाची तुला आज आठवण येते, पण तो वेग कशाचा होता तेही बघ. मी पेटीतून चार पानं फाडून सोबत ठेवली आहेत. वहीला हात लावला म्हणून ओरडू नकोस.

आता डायरी. ती वाचल्याबद्दल आधी माफी मागते. सगळी वाचलेली नाही. ज्या पानावर मैत्रिणीचं भांडण सुरू झालं तिथं बंद केली.

कृषी केंद्रातून बाबांना फुकट मिळालेली 2020ची डायरी ती, दर पानाखाली कोणत्या महिन्यात कोणतं खत ते छापलेलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि एप्रिलपासून पानामागून पान तू एकच ओळ लिहिलीस. 'आज काही नाही.' 'आज पण काही नाही.' जून महिन्यात तर नुसती तारीख. तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "आई, कोणी तपासणार नसलं तर मला काय लिहायचं तेच सुचत नाही." ही तुझी तिसरी वेळ. पेपर नाही, गुरुजी नाहीत, गुण नाहीत. गाईड उशाशी तसंच, पण ते कोणासाठी उतरवणार? पुढं तर 2021ला बारावीची परीक्षाच रद्द झाली.

मग सप्टेंबर आला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे. मला घरोघरी फिरून ताप आणि ऑक्सिजन बघायचा होता, आणि माझा चष्मा फुटलेला. तू नावं लिहून घ्यायला माझ्याबरोबर यायचीस, तोंडाला ओढणी बांधून. वेशीजवळच्या त्या म्हातारीकडं आपण गेलो, तिनं हात पदराखाली लपवला, तो प्रसंग तू त्या रात्री डायरीत लिहिलास. ते पान माझ्यासमोर आहे. त्यात तिच्या बोलण्याचं वाक्य तीनदा लिहिलंय.

पहिलं, 'एका वृद्ध महिलेने ऑक्सिमीटर लावण्यास नकार दिला.' त्यावर आडवी काट. त्याखाली, 'आजी म्हणाली, माझं बोट कशाला पकडता, जीव काय बोटात असतो का?' त्यावरही काट, पण हळू, शब्द दिसेल अशी. त्याखाली, 'आजी म्हणे, माहं बोट कायले धरता व, जीव का बोटात रायते का?' यावर काट नाही.

चिऊ, हे पान मी दोन वेळा चुलीजवळ नेऊन उजेडात पाहिलं. पहिलं वाक्य सरकारी रिपोर्टचं आहे, माझ्या रजिस्टरात मी तेच लिहिलं होतं. दुसरं चौथीच्या गुरुजींनी सुधारलेलं. तिसरं त्या म्हातारीचं. आठ-दहा वर्षांत तू जे जे शिकलीस ते सगळं त्या एका पानावर उतरंडीसारखं रचलंय, आणि तू वरून एकेक मडकं काढत खाली गेलीस. याआधीच्या एकाही वहीत तू वाक्य असं खोडलेलं नाही. शाळेत तू खोडरबरनं पुसायचीस, म्हणजे चूक झालीच नव्हती असं. इथं चुकीवर काट मारून तिला तिथंच राहू दिलंस.

आणि रेघ परत आली होती. प्रत्येक शब्दावर वेगळी, शब्द पूर्ण झाल्यावर ओढलेली. तिसऱ्या वाक्यात 'रायते का' वर रेघ जरा जाड आहे. दोनदा ओढलीस वाटतं.

आता चौथी वेळ. आता रेघ लॅपटॉपच ओढतो. तू इंग्रजी अक्षरं दाबतेस, मराठी उमटतं, काही पुसलं तर मागं खूण राहत नाही. चार लिहून तीन काढल्या तर दिवसाअखेर एकच ओळ दिसते आणि तुला वाटतं दिवसभरात एकच ओळ लिहिली. काढलेल्या तीन ओळी कुठं गेल्या? त्या डायरीतलं म्हातारीचं वाक्य तू यंत्रावर लिहिलं असतंस तर मला आज फक्त तिसरं दिसलं असतं, आणि मला वाटलं असतं पोरीला पहिल्या फटक्यात सुचलं.

मी बोलून टाइप करायचं शिकले, ते तुला माहीत आहे. बाबा वावरात गेले म्हटलं तर 'वावरत गेले' येतं, आणि 'मले' म्हटलं की मोबाइल 'मुले' लिहितो. गुरुजी निदान विचारायचे तरी.

तुझ्या खोलीतली मुलगी यंत्राला विषय सांगते आणि आठ दिवसांत प्रकरण तयार करते, हे तू सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात थोडा हेवा होता. हेवा वाटणारच. बचत गटाच्या बायकांबरोबर मी सेवाग्रामला गेले होते, तिथं कळलं की गांधीजींनी 'हिंद स्वराज' जहाजावर दहा दिवसांत लिहून काढलं. उजवा हात दुखला की डाव्या हातानं. 1909 साल होतं. आमच्यातली एक म्हणाली, बघा, लिहिणारा असा लिहितो. पण तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि 1893पासून आफ्रिकेत लोकांची गाऱ्हाणी ऐकत होते. तू बावीसची आहेस आणि संत्राबागेतल्या बायकांचे शब्द गोळा करायला लागून तुला दीड वर्ष झालं.

मला त्यापेक्षा 'लीळाचरित्र' लिहिणारे म्हाइंभट जवळचे वाटतात, त्याला माझं माहेर कारण असेल. रिद्धपूर आमच्या गावाहून दोन कोसांवर. लहानपणी यात्रेला गेलो की प्रवचनात ऐकायचो. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करायला घेतल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्या त्यांच्याकडं ते गेले, विचारलं, लिहून घेतलं, आणि पंथाचे आचार्य भटोबास यांना दाखवून पडताळून घेतलं. शास्त्र शिकलेला विद्वान माणूस, संस्कृतात लिहू शकला असता. पण स्वामी बोलले ते मराठीत, तर लिहिलंही मराठीत. तेराव्या शतकातली ही गोष्ट. पुढं धामधुमीत ती मूळ पोथी गेली, आणि लोकांनी आठवून आठवून परत लिहिली. म्हणून 'लीळाचरित्रा'चे पाठ निरनिराळे. एकाच्या सांगण्यात असं, दुसऱ्याच्या सांगण्यात तसं. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तुमच्या अभ्यासातच आहे. पण तुमच्या पुस्तकात तो मराठी गद्याचा पहिला ग्रंथ असतो. आमच्या प्रवचनात तो दारोदार फिरून विचारणारा माणूस असायचा. मला सर्व्हेच्या वेळी पाय दुखले की तो आठवायचा. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठच झालंय, आणि तू नागपूरला. असो.

माझंही लिहिणं बदललं, हे मी तुला कधी बोलले नाही. रजिस्टरं होती तेव्हा वजनाच्या पुढं शेऱ्याचा रकाना असायचा. तिथं मी लिहायची, 'आई मजुरीला, मूल आजीजवळ' किंवा 'मागल्या महिन्यात गोवर'. 2021पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. वजन टाका, उंची टाका, आता तर आहार द्यायचा तर बाईचा चेहरा मोबाइलला ओळखू द्या. शेरा लिहायला मला तरी त्यात जागा सापडली नाही. दोन-तीन महिने मला फार चुकल्यासारखं व्हायचं, काहीतरी सांगायचं राहिलं असं. मग मी एक शंभर पानी वही केली आणि शेरे त्यात लिहायला लागले. कोणी मागत नाही, कोणी तपासत नाही. आधी रकान्याच्या मापानं चार शब्द लिहायची, आता कधी कधी पान होतं. परवा तुला फोनवर ऐकून मी ती वही मागून पुढं वाचली, आणि मला माझंच हसू आलं. सुरुवातीला मीही 'सदर बालक' लिहीत होते. या पत्राचे सुद्धा दोन खर्डे झालेत. पहिल्यात मी तुला नुसता उपदेश केला होता, तो चुलीत घातला.

बाबांना तुझ्या फोनचं सांगितलं. ते म्हणाले, "तिले सांग, आंबिया बहाराचा ताण हाये हा." सध्या बागेला ताणच दिलाय. डिसेंबर लागला तसं पाणी बंद केलं, आपल्या जमिनीत महिना-दीड महिना लागतो. पानं मलूल होऊन पिवळी पडायला लागली आहेत, पाहवत नाही. संक्रांत झाली की पाणी सोडतील आणि मग फुलं. बाबांना वाटतं तुझंही तसंच. ऐकायला बरं वाटलं, पण मला ते पटलं नाही. बागेला ताण देणारा माणूस बांधावर उभा असतो, रोज पानं बघतो, त्याला पाणी कधी सोडायचं ते माहीत असतं. तुला कोण बघतंय? आणि ताण जास्त झाला तर झाड वाळतं, हे बाबांनी सांगितलं नाही. म्हणून म्हणते, जेवण चुकवू नकोस, आणि मेसचं नको वाटलं तर वरच्या रस्त्यावरच्या त्या काकूंकडं डबा लाव. पैसे मी पाठवते.

तिन्ही वेळा तू मधल्या काळात गप्प झालीस, आणि तिन्ही वेळा गप्प होण्याआधी काहीतरी नवीन तुझ्या कानावर पडलं होतं. पहिल्यांदा शाळेची भाषा, मग दुसऱ्यांचे निबंध, मग ते रिकामं वर्ष. या वेळी काय, ते मी नागपूरला नसल्यानं मला ठाऊक नाही. पण तू मला मोबाइलवर दुसरं प्रकरण पाठवलंस, ते मी दोन रात्री वाचलं. समजलं तेवढं चांगलं आहे. तोडा, लाग, गळ, डिंक्या, सगळे शब्द बरोबर आहेत. 'आळे' या शब्दाखाली तू जे लिहिलंस ते बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आळं कोणत्या हातानं ओढतात तेही लिहायला पाहिजे होतं.

एक मात्र चुकलंय. पान 31. 'कोळशी रोगामुळे झाडाची वाढ खुंटते व उत्पादनात घट येते, असे आजींनी सांगितले.'

आजी असं म्हणाली नव्हती. मी तिथंच तूर निवडत होते. आणि 'आजींनी' काय गं? तुझी आजी आहे ती.

तू तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतंस, पण कुत्रं भुंकत होतं, त्यात ऐकू आलं नसेल. मला जे आठवतं ते असं: "कोळशी आलेलं झाड रुसल्यावानी रायते. पानी पेते, पन देत काई नाई."

खात्री करायला आज सकाळी आजीला परत विचारलं. ती उन्हात बसून वाती वळत होती. म्हणाली, "मी असं कधी म्हनली? मी म्हनली, कोळशी आली का पानाचं तोंड बंद होते. पुसून पाय, मंग बोलते." बाबा म्हणाले, कृषी सहायकही तेच सांगतात, ती काळी बुरशी पानावर पसरते आणि पानाला ऊन मिळत नाही. आजी म्हणाली, त्याले मीच सांगतलं असन.

तर दोन्ही लिहून पाठवतेय, वेगळ्या कागदावर. पहिल्याखाली लिहिलंय: आईच्या आठवणीतून, ऑक्टोबर, ओसरीवर. दुसऱ्याखाली: खुद्द आजी, 4 जानेवारी, सकाळी साडेनऊ. खरं कोणतं ते तू आल्यावर आजीशी भांडून ठरव. शब्दांवरच्या रेघा मी हातानं ओढल्या आहेत, 'पाय' वर जरा वाकडी गेली आहे, तिकडं लक्ष देऊ नकोस.

दादा बुधवारी खत आणायला अमरावतीला जातोय. तिथून नागपूरच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडं पिशवी देईल. त्यात डायरी, चौथीची वही, तीळगूळ आणि मृगाची थोडी संत्री आहेत. संत्री अजून आंबट आहेत, चार दिवस ठेवून खा. डायरी शिवून पाठवतेय, दोऱ्यानं. ती मी वाचलेली नाही असं बाबांना सांगितलंय.

तुझी,
आई